टाकीला विरजण

४ नोव्हेंबर, सकाळी

संकल्प. आजपासून गाडी फक्त चहा होईपर्यंत गरम करायची. आतापर्यंत चहा पिऊन होईपर्यंत करत होतो.

कारण काल हिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. दमा निघाला. धूळ आणि धूर यांच्यापासून लांब ठेवा, म्हणाले. झोपायच्या खोलीला खिडकी आहे का, खिडकीबाहेर काय आहे, असं मला विचारलं. मी म्हणालो, मेंदीचं कुंपण आहे. खिडकी आणि कुंपण यांच्या मधोमध आपली गाडी उभी असते, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं. लायसन्सच्या टेस्टला जाताना मी विद्यार्थ्यांना हेच बजावतो. विचारलं तेवढंच सांगा. जास्त बोलणारा नापास होतो.

ही शेजारच्या खुर्चीवर होती. नुसती खोकत होती.

५ नोव्हेंबर

मुलीचा फोन. आईने तिला सगळं सांगितलेलं दिसतं. गाडी मागे पाण्याच्या टाकीजवळ लाव, म्हणाली. जसं काही हे मला सुचलंच नव्हतं! टाकीजवळची जागा रस्त्यावरून दिसत नाही, म्हणजे गाडीच्या टपावरचा 'ड्रायव्हिंग स्कूल' हा बोर्ड दिसत नाही. दृष्टीआड सृष्टी. निम्मे विद्यार्थी तो बोर्ड बघून येतात. तुझं शिक्षण त्याच बोर्डावर झालं, हे मी तिला बोललो नाही. म्हणजे बोललो, पण हळू.

आणि जुनी डिझेल गाडी गरम केल्याशिवाय हलवायची नाही, हे मला माझ्या ड्रायव्हिंगच्या उस्तादांनी शिकवलं. ते म्हणायचे, गाडी काय आणि माणूस काय, झोपेतून उठवून लगेच कामाला जुंपू नये. सोन्यासारखं वाक्य. हिला पहाटे चहासाठी उठवताना रोज आठवतं.

७ नोव्हेंबर

संकल्प मोडलेला नाही. ही खोकत होती म्हणून चहा उशिरा झाला आणि चहा उशिरा झाला म्हणून गाडी जास्त वेळ चालू राहिली. यात माझा दोष कुठे?

तोडगा काढला. खिडकी बंद ठेवायची. ही म्हणाली, बंद खोलीत जीव घुसमटतो, त्यापेक्षा गाडीच लांब लावा ना. मी म्हणालो, बघू. बघतोय.

१० नोव्हेंबर

दातांच्या डॉक्टरीणबाई सकाळच्या बॅचला असतात. लोकांच्या तोंडात सुई घालताना यांचा हात कापत नाही, क्लच सोडताना मात्र पाय लटपटतो. आज ऐन चौकात गाडी बंद पाडली. मागचे हॉर्न वाजवतायत, मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर उभा, आणि या मला शांतपणे सांगतायत की त्यांच्या दिरांनी गाडीत रिन्यूएबल डिझेल घालायला सुरुवात केली आहे. जमिनीतून काढत नाहीत. तळणीचं वापरलेलं तेल, टाकाऊ चरबी असल्या गोष्टींपासून कारखान्यात बनवतात. इंजिनात एक स्क्रूसुद्धा बदलावा लागत नाही. आणि कार्बन नव्वद टक्क्यांपर्यंत कमी.

नव्वद टक्के! म्हणजे हिचा खोकला नव्वद टक्के कमी. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी औषध आहेच. 'पर्यंत' हा शब्द बाईंनी हळू उच्चारला, म्हणून मी जमेस धरला नाही.

आनंदाच्या भरात बाईंना रिव्हर्स न शिकवताच घरी सोडलं.

१२ नोव्हेंबर, दुपारी

बाईंनी दिरांकडचं माहितीपत्रक आणून दिलं. वाचलं. बराच भाग रसायनशास्त्राचा होता, तो सोडला. मुद्द्याचं वाक्य एकच. हे 'ड्रॉप-इन' इंधन आहे आणि साध्या डिझेलमध्ये कोणत्याही प्रमाणात मिसळता येतं.

ड्रॉप म्हणजे थेंब. इन म्हणजे आत. थेंब आत!

पहिल्यांदा मलाही पटेना. डिझेलची एवढी मोठी टाकी, तिला थेंब? डोकं खाजवत स्वयंपाकघरात गेलो तर ही दुधाला विरजण लावत होती. पातेलंभर दूध आणि एवढंसं दही. डोक्यात लख्ख उजेड पडला. विरजणाला कधी पातेलंभर दही लागतं का? आणि 'कोणत्याही प्रमाणात' म्हटल्यावर थेंब हेही प्रमाणच झालं. थेंबे थेंबे तळे साचे, असं आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. त्यांच्याकडे डिझेल नव्हतं, एवढंच.

हे सगळं हिला समजावून सांगितलं नाही. तिला विज्ञानाची आवड नाही.

१४ नोव्हेंबर

बायपासवरच्या पंपावर जाऊन आलो. हे डिझेल फक्त तिथेच मिळतं. तिथल्या माणसाने विचारलं, फुल करू का? मला हसू आलं. विकणाऱ्यालाच आपल्या मालाची माहिती नाही. मी लहान डबा पुढे केला. तो म्हणाला, जनरेटरसाठी हवंय का? मी म्हणालो, कारसाठी, आणि हे वर्षभर पुरेल. तो माझ्याकडे बघत राहिला. अभ्यासू माणसाकडे लोक असंच बघतात.

संध्याकाळची बॅच रद्द केली. हिच्या कानाच्या औषधाचा ड्रॉपर धुऊन घेतला आणि टाकीत थेंब सोडला. झाकण घट्ट लावलं. विरजण लावल्यावर भांडं हलवत नाहीत, म्हणून गाडीला कोणाला हात लावू दिला नाही. समोरच्यांचं मांजर बॉनेटवर झोपायला आलं, तेही हाकललं.

हिने विचारलं, हा काय प्रकार? मी म्हणालो, टाकीला विरजण लावलंय. ती हसली. हसता हसता खोकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पण हसली. बऱ्याच दिवसांनी.

१५ नोव्हेंबर, सकाळी

रिझल्ट! इंजिनाचा आवाज मऊ. पिकअप सुधारला. सायलेन्सरपाशी उकिडवा बसून खोल वास घेतला. किंचित तळणीचा वास आहे. मला जोराचा खोकला आला, पण तो उकिडवं बसल्यामुळे. पोटावर दाब येतो.

१९ नोव्हेंबर

पेंटरकडून मागच्या काचेवर लिहून घेतलं: 'ही गाडी रिन्यूएबल डिझेलवर चालते.' त्याने आधी 'रिन्युअल डिझेल' लिहिलं. लोकांना लायसन्सचं काम वाटेल. खोडून पुन्हा लिहायला लावलं.

आता गाडी दर्शनी जागी उभी राहणं जास्तच गरजेचं झालं आहे. लोकांना प्रेरणा मिळते.

मुलीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, बाबा, तू आईसाठी हे केलंस, मला वाटलं नव्हतं तू ऐकशील. मी म्हणालो, माणसाने काळाबरोबर बदलायला हवं. तिने ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवला म्हणे. प्रमाणाचा विषय निघाला नाही.

२३ नोव्हेंबर

मुलगी आली होती. विचारलं, एवढ्या लांब बायपासला दर वेळी जातोस? मी म्हणालो, एकदा गेलं की बरेच दिवस पुरतं. यात खोटं एक अक्षर नाही.

तिघं गाडीतून चक्कर मारून आलो. ही पुढे बसली. काच खाली करून हात बाहेर ठेवला होता. मी नियम सांगितला, हात आत घे. तिने घेतला. छान दिवस गेला.

घरी आल्यावर हिने झोपायच्या खोलीची खिडकी उघडली. म्हणाली, आता सकाळीसुद्धा उघडी ठेवायला हरकत नाही ना? तिचा माझ्यावर किती विश्वास आहे हे बघून बरं वाटलं. म्हणालो, बिनधास्त ठेव.

२७ नोव्हेंबर

हिचा खोकला वाढलाय. जिना चढून वरच्यांकडे गेली तर मधल्या पायरीवर बसावं लागलं.

कारणं शोधतोय. उशीतला कापूस संशयास्पद. समोरच्यांचं मांजर तर आहेच. मुलीने आणलेली पावडरही नजरेतून सुटलेली नाही. डब्यावर फुलाचं चित्र आहे, आणि फूल म्हटलं की पराग आले. पावडर फेकली. उशी उन्हात टाकली. मांजराच्या मालकिणीशी बोललो, आता त्या माझ्याशी बोलत नाहीत.

गाडीचा प्रश्न मात्र निकालात निघाला. आता ती चहा पिऊन आणि पेपर वाचून होईपर्यंत गरम करतो. नव्वद टक्के धूर गेल्यावर कंजूषपणा कशाला?

१ डिसेंबर

डोस वाढवला. थंडीत विरजण लवकर लागत नाही, हे हिनेच मागे सांगितलं होतं. म्हणून थेंबाऐवजी चमचाभर घातलं आणि ऊब राहावी म्हणून बॉनेटवर गोधडी पांघरली.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ती माझी गोधडी आहे. मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं. ती खोकत आत गेली. पटलं असणार.

४ डिसेंबर

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

सकाळी गाडी चालू ठेवून पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. ही खिडकीत आली आणि हात हलवला. मला वाटलं, चहा झाला. मीही हात हलवला. मग दिसलं की तिने दुसऱ्या हाताने गज धरलाय, तोंड उघडं आहे आणि आवाज येत नाही. ओठ निळे पडले होते.

आत धावलो. गाडी बंद करायचं सुचलं नाही. ती खिडकीकडे बोट दाखवत होती. मी पंखा लावला. तिने मान हलवली आणि पुन्हा बोट दाखवलं. मी पाणी आणलं. अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं. आयुष्यभर नवख्या लोकांच्या शेजारी बसलो, समोरून ट्रक येताना पाहिले, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

डॉक्टरीणबाई क्लाससाठी आल्या होत्या. त्यांनी गाडीची किल्ली काढली, आत येऊन खिडकी लावली, ॲम्ब्युलन्स बोलावली. बाईंना गाडी चालवता येत नाही अजून. बंद करता येते.

५ डिसेंबर, हॉस्पिटलमध्ये

मास्क लावलाय. झोपली आहे. धोका टळला, म्हणतात.

छातीच्या डॉक्टरांनी तोच प्रश्न परत विचारला, खिडकीबाहेर काय आहे. या वेळी मुलीने उत्तर दिलं. गाडी उभी असते, सकाळी चालू असते, पण बाबा रिन्यूएबल डिझेल वापरतो. डॉक्टर म्हणाले, चांगली गोष्ट आहे, पण तो कार्बनचा हिशोब सगळ्या जगाचा असतो, तुमच्या आईच्या खोलीचा नाही. धूर थोडा कमी होत असेल, तरी खिडकीखाली चालू ठेवलेल्या गाडीचा धूर तो धूरच.

माझं मत: डॉक्टर इंजिनाच्या लाइनचे नाहीत.

मुलगी माझ्या बाजूने बोलत राहिली. बाबाने खूप केलंय, म्हणाली. मी खाली फरशीकडे बघत होतो. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

६ डिसेंबर, दुपारी

डिझेलवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. कडक शब्दांत तक्रार केली की माल भेसळीचा आहे, घरात माणूस आजारी पडलं. पलीकडच्या बाई फार गोड बोलत होत्या. म्हणाल्या, एका वेळी किती भरता, सर? मी म्हणालो, आधी थेंब घालत होतो, आता चमचा. मग त्यांनी विचारलं, चमचा म्हणजे? मी म्हणालो, चहाचा.

मग त्यांनी समजावलं. ड्रॉप-इन म्हणजे साध्या डिझेलच्या जागी जसंच्या तसं ओतायचं. इंजिनात बदल न करता. टाकीभर. थेंबाचा काही संबंध नाही. आणि मिसळलं तर जेवढं मिसळाल तेवढाच गुण. ते दुधासारखं लागत नाही, सर, असंही म्हणाल्या, कारण विरजणाचं मी सांगून बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण.

उत्साहावर विरजण पडणं म्हणजे काय, ते आज कळलं.

पण चूक कोणाची? टाकीभर ओतायचं तर त्याला ड्रॉप कशाला म्हणायचं? पाहुण्यांना घरी ड्रॉप करतात, पोरं वर्ष ड्रॉप करतात, आणि डिझेल ड्रॉप करायचं तर टाकीभर! या भाषेवर आपण उगाच विसंबतो.

संकल्प: उद्याच टाकी रिकामी करून बायपासवर फुल करायची. हिला सांगायचं का? सावकाश. घरी आल्यावर. किंवा नकोच. उद्यापासून सगळं खरंच होणार आहे, तर मागचं उकरून काय फायदा?

९ डिसेंबर

आज ही घरी आली. मुलीने टॅक्सी केली होती. मी टाकी फुल करून तयारच होतो. दोघी आत जाऊन टेकल्या तोच मी खिडकीखाली गाडी चालू केली, अगदी थोडा वेळ, स्वागत म्हणून. बाहेरूनच ओरडून सांगितलं, ऐक, आता अगदी खरं रिन्यूएबल!

काचेआडून तिने विचारलं, आता?

मी म्हणालो, आता म्हणजे नेहमीसारखंच. मुलगी बाहेर आली. माझ्याकडे बघत उभी राहिली. ही नजर तिने आईकडून घेतली आहे. मी गाडी बंद केली, आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. थेंब, ड्रॉपर, चमचा, चहाचा की कसला तेसुद्धा. मला वाटलं, दोघी हसतील. प्रकार विनोदीच आहे. मी स्वतः थोडा हसलो.

मुलगी म्हणाली, आई तुझ्या भरवशावर खिडकी उघडी ठेवून झोपत होती, बाबा.

ही म्हणाली, थेंबाची चूक कोणाच्याही हातून होईल. त्याचं काही नाही. गाडी लांब लावा, असं मी म्हणाले होते, तेवढं का नाही केलंत?

मी बोर्डाचं कारण सांगितलं. नीट कळावं म्हणून पुन्हा सांगितलं, गल्लीच्या तोंडापासून कुठे उभं राहिलं की काय दिसतं, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मुलीला म्हणाली, माझी बॅग वरून काढून दे.

११ डिसेंबर

ही मुलीकडे गेली. थोडे दिवस. हवापालट.

मी सोडतो म्हणालो. टाकी फुल होती. दोघी बसने गेल्या. बस डिझेलवर चालते, तेही साध्या, हे मी स्टँडवर त्यांच्या लक्षात आणून दिलं. मुलीने खिडकीची काच ओढून घेतली. ही आतून मला काहीतरी सांगत होती, बहुतेक गॅस बंद करण्याविषयी. ऐकू आलं नाही.

१५ डिसेंबर

गाडी पाण्याच्या टाकीजवळ हलवली. माघार वगैरे नाही. डागडुजीच्या दृष्टीने. अंतर पाहायला गेलं तर फारच थोडं आहे, पहिल्या गिअरमध्येच संपतं.

बोर्ड कुठूनही दिसत नाही. तरी नवीन विद्यार्थी आले. डॉक्टरीणबाईंनी पाठवले. हा अपवाद समजावा.

गरम न करता गाडी चालू केली. चालली. उस्ताद आज असते तर त्यांना काय वाटलं असतं, याचा विचार करत चहा केला. उतू गेला.

१८ डिसेंबर

हिला रोज फोन करायचा संकल्प. आज राहिला. काल केला तेव्हा ती झोपली होती. आडवी होऊन झोपते आता, मुलगी म्हणाली, उशांची रास लागत नाही. मी म्हणालो, मग ठीक झाली की, कधी पाठवतेस? मुलगी म्हणाली, आईला विचार.

खोलीतली जळमटं काढली. पडदे धुतले. मांजरवाल्या बाईंची माफी मागितली. ही परत आली की हिला काही म्हणजे काही त्रास होता कामा नये.

२२ डिसेंबर, संध्याकाळी

हिचा स्वतःहून फोन आला.

गेली कित्येक वर्षं ही बोलायची ती तुकड्यातुकड्यांत. तीन-चार शब्द, मग श्वास, मग खोकला. मला धीर नसायचा. तिचं वाक्य मीच पूर्ण करायचो. बहुतेक वेळा चुकीचं. ती मान हलवून सोडून द्यायची.

आज मला मध्ये घुसायला जागाच मिळाली नाही. मुलीच्या घराजवळच्या बागेबद्दल बोलली, जिन्याबद्दल बोलली, कोणाच्या तरी बाळंतपणाबद्दल बोलली. आवाज लग्न झालं तेव्हा होता तसा. मी फोन कानाला घट्ट धरून उभा होतो. मग ती म्हणाली, गाडी तिकडे नेऊन लावलीत ते मुलीने सांगितलं, चांगलं केलंत, आता माझ्या कपाटातल्या साड्या आणि औषधांचा डबाही पाठवून द्या, कारण मी खूप विचार करून इथेच राहायचं ठरवलंय, आणि तुम्ही जेवणाची आबाळ करू नका.

एवढं लांबलचक वाक्य. मध्ये एकदाही न थांबता. मी म्हणालो, वा! फारच छान! अगदी मनापासून म्हणालो.

ती काय म्हणाली, ते फोन ठेवल्यावर कळलं.